दाखला

कॉलेजच्या प्रवेशाला गेले तेव्हा माझ्या फाइलीत तीन दाखले होते. शाळा सोडल्याचा, रहिवासाचा आणि बाप्तिस्म्याचा. कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं, ख्रिस्ती मुलांना काही जागा राखीव, म्हणून हा तिसरा. खिडकीपलीकडच्या कारकुनांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि परत सरकवला. पाळकसाहेबांची सही होती, मंडळीचा, म्हणजे चर्चचा, शिक्का नव्हता. "शिक्का मारून आणा. नुसत्या सहीवर कुणी ख्रिस्ती होत नाही," ते म्हणाले. ते स्वतः ख्रिस्ती नव्हते हे मला नंतर कळलं. पण नुसत्या सहीवर कुणी ख्रिस्ती होतं का, हा प्रश्न इतक्या सरळ मला पुढच्या पाच वर्षांत कुठल्याही प्रवचनात ऐकायला मिळाला नाही.

घरी येऊन मी आदळआपट करत होते. आजीला कमी ऐकू यायचं.

"कसला दाखला मागतायत गं?"

"बाप्तिस्म्याचा."

"असं होय. मला वाटलं उधळ्या पुत्राचा."

आमच्या घरात दाखला म्हणजे आधी गोष्ट आणि मग कागद. मराठी पवित्र शास्त्रात येशूनं सांगितलेल्या गोष्टींना दाखला म्हणतात. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला, दहा कुमारींचा दाखला. लहानपणी मला यात काहीच वावगं वाटायचं नाही. तहसील कचेरीत लोक दाखल्यासाठी रांगा लावतात म्हणजे तिथेही कुणीतरी गोष्टी सांगत असणार, असं मी काही वर्षं मनापासून धरून चालले होते. पुढे कॅथलिक मैत्रिणी भेटल्या, त्या 'दृष्टान्त' किंवा 'बोधकथा' म्हणायच्या. ते शब्द जास्त शोभिवंत आहेत, पण मला अजून दाखलाच बरा वाटतो. दाखला कुणाला तरी दाखवावा लागतो. समोर बघणारा नसेल तर त्याला काही किंमत नाही.

आजी चौथीपर्यंत मिशनच्या शाळेत गेलेली. तिचं गोष्ट सांगणं म्हणजे हातातलं काम चालू ठेवून, अधूनमधून, जणू शेजारच्या घरातलं काहीतरी सांगतेय असं. उधळ्या पुत्राचा दाखलाही तसाच. धाकटा पोरगा बापाला म्हणाला, माझा वाटा द्या. दिला. तो गेला दूर देशी. आजीचा दूर देश मुंबई होता. तिथं सगळं उडवलं, मग दुष्काळ पडला, मग डुकरं राखायला राहिला. "डुकरं खात होती त्या शेंगासुद्धा त्याला कुणी देईना," हे सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा. तिच्या आईच्या लहानपणी दुष्काळ होऊन गेला होता. ती शेंगांपाशी नेहमी थोडी थांबायची. मग पोरगा शुद्धीवर आला, घराकडे निघाला, बापानं लांबून पाहिलं, बाप धावला. पोसलेलं वासरू कापलं, घरात वाजंत्री. आणि शेतावरून थोरला आला. गड्याला विचारलं, हे काय चाललंय? कळल्यावर दारातच थांबला. बाप बाहेर आला, समजूत घातली. संपलं.

"मग तो गेला का आत?"

"शास्त्रात एवढंच लिहिलंय."

"पण गेला का?"

"झोप आता."

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात खरंच एवढंच लिहिलं आहे. हे मी पुढे पुष्कळदा उघडून पाहिलं. थोरला भाऊ दोन हजार वर्षं अंगणात उभा आहे.

कॉलेजात आठवड्यातून एकदा चॅपल, म्हणजे प्रार्थना आणि प्रवचन, असायचं. ख्रिस्ती मुलांनी चॅपलला जायचं, बाकीच्यांना त्याच वेळी नीतिशिक्षणाचा तास. हे तुकडे करण्यामागे चांगलाच हेतू असणार. कुणावर लादायला नको, कुणाचा गैरसमज नको. पण त्याचा परिणाम असा झाला की माझी जिवाभावाची मैत्रीण, जी वारकरी घरातली होती आणि जिला गोष्टींचं माझ्याहून जास्त वेड होतं, तिनं तीन वर्षांत एकही दाखला ऐकला नाही. आणि मी नीतिशिक्षणात काय शिकवतात ते कधी ऐकलं नाही. तिच्या सांगण्यावरून ते रस्त्यावर थुंकू नये इथपर्यंतच होतं.

चॅपल इंग्रजीत. याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती इतक्या वर्षांनीही गेलेली नाही. तिथले आमचे सगळे जण घरी मराठीत प्रार्थना करणारे. आमच्या आयांच्या उशाशी 'उपासना संगीत'. त्यातली टिळकांची गीतं आम्हाला झोपेतसुद्धा येत होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. आम्ही त्या पुलावरच जन्मलेली मुलं, आणि कॉलेजात शिरताच आम्हाला होडीत बसवून पलीकडे नेण्यात आलं, उलट्या दिशेनं. प्रवचन तीन मुद्द्यांचं असायचं. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातून आपण काय शिकतो? पहिला मुद्दा पश्चात्ताप. दुसरा मुद्दा क्षमा. तिसरा मुद्दा, थोरला भाऊ म्हणजे परूशी, नियमांवर बोट ठेवणारा कर्मठ, आपण त्याच्यासारखं होऊ नये. आमेन. बाहेर पडलं की गोष्ट हातात उरायची नाही, मुद्दे तेवढे राहायचे. त्यांना चव नव्हती.

भाषेचा हा घोळ आमच्या कॉलेजनं नव्यानं घातला नव्हता. स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली कलकत्त्यात इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली आणि मिशनच्या उच्चशिक्षणाला तीच वाट पडली. याच्या उलट अमेरिकन मराठी मिशन. त्यांचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरहून निघालं, आणि १८५०च्या दशकात त्यांच्या अमेरिकेतल्या बोर्डाचे रूफस अँडरसन इकडे येऊन मिशनचं शिक्षण देशी भाषेतूनच झालं पाहिजे असा आग्रह धरून गेले. गंमत अशी की त्यामुळे मिशनच्या इंग्रजी शाळा बंद पडू लागल्या, तेव्हा नाराजी इथल्या लोकांचीच होती. नोकरी इंग्रजीत होती ना. म्हणजे मराठीचा आग्रह धरणारा साहेब आणि इंग्रजी मागणारे आपण. चॅपलच्या भाषेवरून मी जेव्हा जेव्हा तणतणते तेव्हा हा इतिहास मला थोडं गप्प करतो. थोडंच.

बुधवारी चॅपल सुटलं की लगेच मराठीचा तास असायचा. बाई ख्रिस्ती नव्हत्या. खडू हातात घेऊन बोलायच्या, फळ्यावर मात्र क्वचितच लिहायच्या. त्या वर्षी आम्हाला महानुभावांचं गद्य होतं आणि त्यात दृष्टान्तपाठ. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात सांगितलेल्या या गोष्टी केशिराजबासांनी एकत्र केल्या. आंधळे आणि हत्ती, ती गोष्ट त्यातलीच. प्रत्येकाचे तीन भाग. आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. म्हणजे आधी मूळ वचन, मग गोष्ट, मग ती गोष्ट त्या वचनाला कशी लागू पडते ते.

"यातलं स्वामींचं काय आणि केशिराजांचं काय?" बाईंनी विचारलं.

कुणालाच येईना.

"सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे. दार्ष्टान्तिक केशिराजांचं. सांगणारा गोष्ट सांगून उठून गेलेला आहे. मागे राहिलेल्याला धीर धरवला नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे आज काय सांगितलं?"

मी उधळ्या पुत्राचं सांगितलं.

"आणि दार्ष्टान्तिक?"

"तीन मुद्दे, बाई."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "येशूचे तरी होते का ते मुद्दे?"

त्या दिवशी घरी जाऊन मी आजीचं बायबल काढलं. पेरणाऱ्याच्या दाखल्याचा अर्थ शुभवर्तमानातच दिलेला आहे. वाट म्हणजे कोण, खडकाळ जमीन म्हणजे कोण, शिष्यांनी विचारलं म्हणून. पण तसे थोडे. बाकी बहुतेक दाखले नुसते सांगून सोडून दिलेले. विहिरीत दगड टाकावा आणि आवाज ऐकायलाही थांबू नये, तसे. माझं ख्रिस्ती शिक्षण चालू झालं ते त्या मराठीच्या तासाला, एका बिगरख्रिस्ती बाईंकडून, महानुभावांच्या पोथीतून. मी हे एकदा एका धर्मगुरूंना सांगितलं तर त्यांना ते फारसं रुचलं नाही.

अशा सगळ्या शिक्षणाला लिबरल आर्ट्स म्हणतात. त्याला मराठीत नीट शब्द नाही. 'मुक्त कला' म्हटलं की चित्रकलेचे क्लास डोळ्यांसमोर येतात, आणि 'कला शाखा' म्हटलं की सायन्सला न मिळालेले मार्क. मूळ लॅटिनमध्ये ती मोकळ्या माणसाची विद्या, म्हणजे गुलामाची नव्हे. तिच्यात एक जुनी मग्रुरी आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. सात विषय. अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल हे चार नंतरचे. त्याआधी तीन, व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व, आणि त्या तिघांना मिळून ट्रिव्हियम. ट्रिव्हियम म्हणजे जिथे तीन रस्ते मिळतात ती जागा, सरळ मराठीत तिठा. हा अर्थ कळला तेव्हा मला फार आनंद झाला होता. तिठ्यावर काय असतं? एक झाड, एक पार, बसची वाट बघणारी माणसं आणि गप्पा. तिथून पुढे कुठे जायचं ते अजून ठरलेलं नसतं.

चर्चनं ही विद्या सहजासहजी घेतली नव्हती. अथेन्सचा आणि यरुशलेमचा संबंध काय, असं सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन विचारून बसला होता. पुढे संत म्हणून गाजलेला ऑगस्टीन मिलानमध्ये वक्तृत्वाचा पगारी शिक्षक होता. ख्रिस्ती व्हायचं ठरल्यावर त्यानं ती नोकरी सोडली, पण विद्या सोडली नाही. त्यानं त्यासाठी बायबलच्या निर्गम पुस्तकातली गोष्ट पुढे केली. इस्राएली लोक मिसर, म्हणजे इजिप्त, सोडून निघाले तेव्हा मिसऱ्यांचं सोनं-चांदी मागून घेऊन निघाले, तसंच परक्यांच्या विद्येतलं सोनं आपण घ्यावं. युक्तिवाद फक्कड आहे. त्या सोन्याचंच पुढे रानात पूजेसाठी वासरू घडवलं गेलं, ही गोष्टीतली पुढची पायरी मात्र लोक सोयीनं विसरतात.

मराठीत हे सोनं उचलायचं काम कुणी केलं ते पाहिलं की मला एकदम दोन माणसं दिसतात, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

एक फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडात जन्मलेला, जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं तिथेच राहिला, तिथेच मेला. गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांच्या हातून त्यांची जुनी पुराणं गेली होती. मग आता आम्ही वाचायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो मराठी वाङ्मयातला एक अत्यंत करुण प्रश्न वाटतो. देव बदलला ते सोसलं, पण संध्याकाळी बसून ऐकायला गोष्ट नाही, ते कसं सोसायचं? स्टीफन्सनं उत्तर म्हणून अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या. क्रिस्तपुराण. १६१६ साली रायतूरला छापलं, तेही रोमन लिपीत. त्यातला स्वर्ग वैकुंठ आहे. मराठी ही त्याला फुलांतली मोगरी आणि सुगंधांतली कस्तुरी वाटली, तेवढं आपण सगळे शाळेत पाठ करतो आणि मराठीची स्तुती एका साहेबानं केली म्हणून छाती फुगवतो. पण पुराण मागणारी ती माणसं पाठ्यपुस्तकात येत नाहीत. त्यांच्यामुळे ते पुस्तक आहे, आणि त्यांची पोथी काढून घेणाऱ्या पोर्तुगीज सत्तेच्या सावलीतच ते लिहिलं गेलं आहे. या दोन्ही गोष्टी मला एकदम धरून ठेवाव्या लागतात.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. यांचं सगळं उलटं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, घराणं पुराणिकांचं. लहानपण तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत फिरण्यात गेलं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. संस्कृतवर अशी हुकमत की कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. आणि केडगावच्या मुक्तीसदनात बसून त्यांनी जेव्हा हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी केलं, तेव्हा त्यातून संस्कृत वेचून बाहेर काढलं. जुन्या भाषांतरातले जड शब्द शिकलेल्यांनाच कळतात, शिवाय ते आपल्याबरोबर दुसरंच तत्त्वज्ञान घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना वाचक हव्या होत्या त्या दुष्काळातून उचलून आणलेल्या, नुकत्या अक्षरं लावायला लागलेल्या बाया. त्यांच्यापैकीच मुली तिथल्या छापखान्यात खिळे जुळवत होत्या. नवा करार १९१३ साली छापून झाला. सबंध बायबल बाहेर पडलं १९२४ साली, त्याच्या दोन वर्षं आधी रमाबाई गेल्या होत्या.

इंग्रज माणूस पुराणिक होतो आणि पुराणिकाची मुलगी पुराणाची भाषा खरवडून काढते. यातलं बरोबर कुणाचं? मी बाजू बदलत राहिले आहे. विशीत असताना मला स्टीफन्स हवासा वाटायचा. काय ते नादमय मराठी! आता रमाबाईंकडे जास्त ओढा आहे. ज्यानं एखादा शब्द भुकेनं पोट जळताना ऐकलेला नाही त्याला त्या शब्दाच्या अलंकाराचं कौतुक सुचतं, असं काहीसं. पण रमाबाईंचं भाषांतर वाचताना मधेच वाटतं, बाई, एखादा मोगरा तरी राहू द्यायचा होता.

आमच्या चॅपलमध्ये या दोघांपैकी एकाचंही नाव तीन वर्षांत ऐकलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांचंही नाही. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेली ही बाई, नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' तिनं पुरं केलं, ते १९३८ साली, तिच्या मागे, छापून आलं. आणि तिच्या 'स्मृतिचित्रे'बद्दल मी काय सांगू? मराठीच्या तासाला ते आत्मचरित्र म्हणून होतं. चॅपलला ते विश्वासाबद्दलचं पुस्तक म्हणून कुणाला सुचलंच नाही. धर्मांतर म्हणजे नवरा घर सोडून जातो आणि मागे राहिलेलीला लोक विचारतात तेव्हा तिनं काय करायचं, हे तिच्याइतकं हसत आणि रडत कुणी सांगितलं आहे? एका इमारतीच्या दोन खोल्यांत, एका भिंतीच्या दोन बाजूंना, एकच गोष्ट अर्धी अर्धी पडून होती.

शब्दाचंच घ्या. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात, प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता, शब्द देव होता. चॅपलला यावर लोगोस या ग्रीक शब्दाचं प्रवचन झालं. लोगोस म्हणजे विवेक, विश्वाची रचना वगैरे. चांगलं होतं, मी टिपणं काढली. पण मराठीत शब्द नुसता बोलायचा नसतो. मराठीत शब्द देतात. दिलेला शब्द पाळतात, शब्दाला जागतात, एखाद्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. 'प्रारंभी शब्द होता' हे मराठी कानाला 'सुरुवातीलाच कुणीतरी वचन देऊन ठेवलं होतं' असंही ऐकू येतं. इंग्रजीतही 'वर्ड' देतात, पण ग्रीकमध्ये हे फारसं नाही. हिब्रूत मात्र दावार म्हणजे शब्द आणि दावार म्हणजे घडलेली गोष्टसुद्धा. त्या वारकरी मैत्रिणीला मी हे वाक्य कँटीनमध्ये म्हणून दाखवलं, तर ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "अगं, हे तर तुकोबांचं आहे. तुका म्हणे पाहा शब्दचि हा देव।" आम्ही दोघी काही क्षण एकमेकींकडे बघत राहिलो. दोन्ही वचनं एक नाहीत हे मला आज माहीत आहे. योहानाचा शब्द पुढे देही होतो आणि आपल्यात वस्ती करतो. तुकोबा शब्दानंच शब्दाची पूजा करायला निघालेले. पण तो फरक कळायला आधी दोघींना एका टेबलाशी बसावं लागलं. ती सोय वेळापत्रकात नव्हती, कँटीनमध्ये होती.

तिसऱ्या वर्षी चॅपलमध्ये विद्यार्थ्यांनी बोलायचा दिवस आला आणि माझी पाळी लागली. मी आधीच विचारून मराठीत बोलायची परवानगी काढली. मैत्रिणीला मागच्या बाकावर बसवलं, तेही विचारूनच. आणि उधळ्या पुत्राचा दाखला सांगितला, आजीच्या चालीत. दूर देश मुंबईच ठेवला.

बोलता बोलता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मूळ ग्रीकला अरे-अहोची फिकीर नाही. मराठीत सांगणाऱ्याला प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. मुलगा बापाला 'द्या' म्हणतो की 'दे'? आजी 'द्या' म्हणायची, आणि तेच जिव्हारी लागायचं. इतक्या अदबीनं तो बापाला जिवंतपणी मेलेला धरत होता. पण हीच आजी प्रार्थनेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटल्यावर लगेच 'तुझे नाव पवित्र मानिले जावो' म्हणायची. पृथ्वीवरच्या बापाला तुम्ही, स्वर्गातल्याला तू. विठोबाला अरे म्हणणाऱ्या भाषेत ख्रिस्ती झालं की हे आयतं मिळतं. आणि थोरला? थोरला अंगणात बापाला म्हणतो, हा तुमचा मुलगा आला. 'माझा भाऊ' म्हणत नाही. बाप उत्तरात तो शब्द परत त्याच्या पदरात टाकतो, हा तुझा भाऊ. सगळं भांडण एका सर्वनामाचं आहे.

मी अंगणापर्यंत आले आणि थांबले. खाली बसले.

शांतता पसरली. मला ती फार आवडली. दहा सेकंद टिकली असेल. मग मंचावरचे जबाबदार गृहस्थ उठले, मला धन्यवाद दिले आणि म्हणाले, की वेळेअभावी आपल्या भगिनीला या दाखल्याचं तात्पर्य सांगता आलं नाही, तर थोडक्यात, पहिला मुद्दा…

वेळ भरपूर होता. मला राग आला, आणि बाईंचं वाक्य आठवलं. मागे राहिलेल्याला धीर धरवला नाही. बाहेर व्हरांड्यात मैत्रिणीनं गाठलं. तिनं दाखला पहिल्यांदाच ऐकला होता. ती घरातली थोरली, धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगसाठी तिचं लग्न आणि तिचं एम. ए. दोन्ही पुढे-मागे ढकलणं चाललेलं.

"मग तो गेला का आत?" तिनं विचारलं.

"शास्त्रात एवढंच लिहिलंय."

"असं कसं सांगतात गोष्ट?" ती खरंच चिडली होती.

पुढे मी अशाच एका ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले. चॅपल अजून आहे, पातळ झालं आहे. वर्गात ख्रिस्ती मुलं चार-पाच, बाकी सगळे. कथनाच्या घटकासाठी मी दरवर्षी हा दाखला सांगते, कुठला ते सांगत नाही, आणि अंगणात थांबून म्हणते, पुढचं एक पान तुम्ही लिहा. निम्मे जण थोरल्याला आत नेतात आणि दोघे भाऊ रडतात. काही जण त्याला मुंबईला पाठवतात. मुली हमखास आईला आणतात, कारण त्या गोष्टीत आई नाही हे त्यांना लगेच दिसतं. माझ्या लक्षात ते यायला चाळिशी उलटली होती. एकीच्या पानावरच्या आईनं आत दोन ताटं वाढून ठेवली होती आणि एक झाकून ठेवलं होतं.

मागच्या वर्षी एका मुलानं पानावर चारच ओळी लिहिल्या. मागे बसणारा, शेतकरी घरातला, तासाला क्वचित तोंड उघडणारा. त्यानं लिहिलं होतं: "मॅडम, तो आत गेला का ते मला माहीत नाही. पण वाटणी आधीच झाली होती. धाकट्यानं त्याचा वाटा विकला. म्हणजे राहिलेलं सगळं थोरल्याचं. मग ते वासरू पण त्याचंच ना? त्याला न विचारता कसं कापलं?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग लूक उघडला. बारावं वचन. त्यानं आपली मालमत्ता त्यांना वाटून दिली. 'त्याला' नाही, 'त्यांना'. दोघांना. ग्रीकमध्ये मालमत्तेला तिथे जो शब्द आहे तो बिओस, म्हणजे जगणंसुद्धा. आणि शेवटी बाप स्वतःच म्हणतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. इतक्या वर्षांत मला ते गोड समजावणं वाटलं होतं. ती नुसती वस्तुस्थिती होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ते वर्गात वाचायला सांगितलं. तो उभा राहिला, कान लाल करून वाचलं, आणि वर्ग पेटला. कुणी म्हणे, बाप जिवंत असेपर्यंत हक्क बापाचाच. कुणी म्हणे, सातबारा कुणाच्या नावावर ते बघा. एकानं पंचायत बसवायची भाषा केली. मी सांगितलं की मोशेच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा, तर धाकट्यांनी ओरडा केला. कुणाचाच धर्म कुणाला आठवत नव्हता. सगळे त्या अंगणात होते.

"म्हणजे घर पण त्याचंच," खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

"हो."

"मग त्याला आत बोलवायला बाप का येतोय?"

त्या मुलानं यावर काही उत्तर दिलं नाही. तो अजून उभाच होता. बसायला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दाराशी येऊन उभे राहिले, आणि मी त्यांना हातानंच म्हटलं, दोन मिनिटं.